रिकाम्या चढाईचा हिशेब

कबड्डीच्या स्पर्धेत टेबलाशी बसून सामन्याची नोंद ठेवणाऱ्याला मराठीत गुणलेखक म्हणतात. कांदिवलीच्या पश्चिमेला, चारकोपच्या मैदानांवर मी हे काम वीसहून अधिक वर्षे केले. एवढ्या वर्षांत एक गोष्ट मनात पक्की झाली. ‘गुण’ हा शब्द आपल्याकडे दोन कामे करतो. फलकावर चढतो तोही गुण आणि माणसाच्या अंगी असतो तोही गुण. पहिला मोजता येतो, दुसरा पारखावा लागतो. गुणलेखकाच्या हातून पहिल्याचीच नोंद होते. पण ती नोंद वाचणारे तिच्यातून दुसऱ्याची किंमत काढतात. प्रो कबड्डीचा लिलाव सुरू झाल्यापासून ही किंमत रुपयांत जाहीर होऊ लागली आहे. तिच्या आशेवर अठरा-वीस वर्षांची मुले कॉलेजच्या परीक्षा बुडवतात आणि गुडघ्याला पट्टी बांधून मॅटवर उतरतात.

चढाईपटूची ही पारख कशी होते आणि कुठे चुकते, याची तपासणी या लेखात करायची आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : चढाईपटूच्या खात्यातले गुण ही बऱ्याच अंशी त्याला मिळालेल्या संधीची नोंद असते. तो खरा दिसतो त्याच्या रिकाम्या चढाईत, म्हणजे नेमकी जिथे आपण काही लिहीत नाही तिथे. हे शहाणपण मला एका चुकीतून आले. ती चूक माझीच असल्यामुळे आधी तीच सांगतो.

१. एक वही आणि दोन मुले

चारकोपची वस्ती १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने आखलेल्या प्रकल्पातून उभी राहिली. लहान भूखंड, भोवती बैठी घरे, मध्ये सामाईक मोकळी जागा आणि सेक्टरांना नुसते आकडे. बैठ्या घरांवर पुढे मजले चढले, पण मधल्या मोकळ्या जागा बऱ्याच ठिकाणी टिकल्या. गिरणगावातून, कोकणातून, घाटावरून आलेल्या माणसांनी आपापली मंडळे इथे आणली आणि मंडळांबरोबर कबड्डी आली. थंडीत स्पर्धा लागायच्या. आधी मातीवर, नंतर भाड्याने आणलेल्या मॅटवर. खाडीकडून वारा सुटायचा, हॅलोजनभोवती किडे जमायचे आणि मी स्वेटर घालून टेबलाशी बसलेला असायचो.

आमच्या स्पर्धेच्या अधिकृत गुणपत्रकात रिकाम्या चढाईला खेळाडूच्या नावापुढे जागा नव्हती. तिचा उपयोग तिसरी चढाई कधी येते हे मोजण्यापुरता. मी मात्र एक खासगी वही ठेवत असे. तिच्यात प्रत्येक चढाई ओळीने लिहायची : कोण गेला, काय घेऊन आला. काही न घेता सुखरूप परतला तर नुसती आडवी रेघ. ही सवय हिशेबी स्वभावातून लागली होती, त्यात दूरदृष्टी वगैरे काही नव्हती.

आमच्या भागातल्या एका संघात दोन चढाईपटू होते, दोघेही कॉलेजात जाणारे. पहिला उंच, झेपावणारा, लोकांचा लाडका. त्याने मध्यरेषा ओलांडली की शिट्ट्या सुरू व्हायच्या. दुसरा बुटका, गंभीर. आत जायचा, डाव्या कोपऱ्याकडे रेंगाळायचा, एकदा उजवीकडे तोंड फिरवायचा आणि परत यायचा. प्रेक्षकांतून कोणी तरी हमखास ओरडायचे, “अरे, फिरायला गेला होतास का?”

एका हिवाळ्यात एका ओळखीच्या गृहस्थांचा फोन आला. व्यावसायिक संघासाठी तरुण मुलांचे चाचणी शिबिर होते आणि नावे सुचवण्याचे काम त्यांच्याकडे होते. “तुमच्या वहीतून त्या दोघांचे आकडे द्या,” ते म्हणाले. मी हंगामातल्या गुणांची बेरीज करून दिली. पहिल्याची बेरीज दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त होती. पहिल्याला बोलावणे आले, दुसऱ्याला आले नाही.

काही दिवसांनी दुसरा मुलगा दुधाच्या रांगेत भेटला. “काका, माझं नाव दिलं होतंत ना?”

“दिलं होतं.”

“मग?”

“आकडे मागितले होते त्यांनी. ते दिले.”

त्याने मान हलवली आणि रांगेत पुढे सरकला. माझ्या बोलण्यात खोटे काही नव्हते, म्हणून तेव्हा मला वाईटही वाटले नाही.

कोविडच्या टाळेबंदीत घरात बसून जुन्या वह्या चाळताना त्या हंगामाची पाने हाताशी आली. वेळ होता म्हणून बेरजा सोडून ओळी वाचायला लागलो. कोणाच्या मागून कोण गेला, कोण कधी बाद झाला, परत कधी आला. पहिला चढाईपटू बाद झाला की त्याचे नाव ओळीतून नाहीसे व्हायचे आणि मग पुन्हा उगवायचे. ते उगवायच्या आधीची नोंद जवळजवळ प्रत्येक पानावर दुसऱ्या मुलाची होती : एक गुण, एकच, हातस्पर्श किंवा पायस्पर्श. त्या एका गुणावर पहिला आत यायचा आणि पुढच्या दोन-तीन चढायांत टाळ्या घ्यायचा. या गुणांच्या आधी बहुतेक वेळा दुसऱ्याच्याच नावावर दोन-तीन आडव्या रेघा होत्या. मी बेरजेत त्या रेघा शून्य धरल्या होत्या.

२. एक गुण आणि दुसरा गुण

ज्यांनी कबड्डी फक्त दूरचित्रवाणीवर पाहिली आहे, त्यांच्यासाठी थोडा तपशील देतो. पुढचा सगळा वाद त्यावर उभा आहे.

पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. चढाई ३० सेकंदांची. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा, तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. समोर सहा किंवा सात बचावपटू असतील तरच बोनस मिळतो. बचावपटूला स्पर्श करून परतल्यास एक गुण, बोनस रेषा नियमाने ओलांडल्यास एक गुण. फलकावर दोन्ही सारखेच दिसतात. ‘चढाईचे गुण’ या बेरजेतही दोन्ही एकत्र पडतात.

मैदानात मात्र त्यांचे परिणाम वेगळे आहेत. स्पर्शाच्या गुणाने समोरचा एक बाद होतो आणि आपला बाद झालेला एक जिवंत होऊन परत येतो. बोनसने दोन्ही होत नाही. म्हणजे स्पर्शाचा एक गुण दोन्ही संघांच्या संख्येत मिळून दोनाचा फरक पाडतो, बोनसचा गुण फलकावरच थांबतो. ज्या मुलाचे निम्मे गुण बोनसचे आहेत आणि ज्याचे सगळे स्पर्शाचे आहेत, त्यांना एका बेरजेत बसवणे म्हणजे रोख आणि उधारी एकाच रकान्यात लिहिणे.

आपल्याकडे पूर्वी कबड्डीचे तीन प्रकार खेळले जात : संजीवनी, गामिनी आणि अमर. अमर प्रकारात स्पर्श झालेला खेळाडू बाहेर जात नसे. गुण लिहिला जाई आणि खेळ तसाच चालू राही. संजीवनीत बाद झालेला बाहेर बसे आणि जोडीदाराच्या पराक्रमावर परत येई. आजचा खेळ संजीवनीच्या वाटेने आला आहे. अमर कबड्डीत नुसत्या गुणांच्या बेरजेने चढाईपटू तोलला असता तर ते बरेचसे न्याय्य ठरले असते, कारण तिथे कोणाचे येणे-जाणे कोणावर अवलंबून नव्हते. आपण खेळतो संजीवनी आणि हिशेब ठेवतो अमरचा. मूल्यमापनातली मूळ गफलत मला इथे दिसते.

दुसरा मुद्दा संधीचा. वीस-वीस मिनिटांची दोन सत्रे आणि ३० सेकंदांची चढाई. प्रत्येक चढाई पूर्ण वेळ चालली, तर ४० मिनिटांत दोन्ही संघांच्या मिळून ८० चढाया होतात, म्हणजे एका संघाच्या वाट्याला ४०. प्रत्यक्षात काही लवकर संपतात म्हणून आकडा थोडा वाढतो, पण वाटायची वस्तू मर्यादितच. संघातल्या एकाने २० घेतल्या, तर उरलेल्या २०मध्ये इतर सगळे. समजा, पहिल्याने २० चढायांत ८ गुण घेतले आणि दुसऱ्याने ८ चढायांत ४. वर्तमानपत्रात पहिल्याचे नाव येईल. भागाकार केला तर दुसरा पुढे आहे.

भागाकारही जपूनच वाचावा लागतो. कोणत्या चढाया कोणाच्या वाट्याला आल्या, हे त्यात दिसत नाही. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘करा अथवा मरा’ होते : गुण घेतला नाही तर चढाईपटू बाद. अशा चढाईला पुष्कळ संघ मुख्य चढाईपटूला जपतात आणि दुसऱ्या-तिसऱ्याला पाठवतात. बचाव दबा धरून बसलेला असतो, कारण आता याला काही तरी करावेच लागणार हे त्यालाही ठाऊक असते. तिथे तो पकडला गेला की ‘अयशस्वी चढाई’ त्याच्या नावावर. संघाने त्याला पुढे केले, मोबदल्यात मुख्य चढाईपटू मैदानात राहिला, हे कोणत्या रकान्यात लिहायचे?

तिसरा मुद्दा रिकाम्या चढाईचा. प्रो कबड्डीच्या आकडेवारीत एकूण, यशस्वी, अयशस्वी आणि रिकाम्या अशा चढायांच्या वेगळ्या नोंदी असतात. गल्लीतल्या गुणपत्रकापेक्षा ती मोठीच प्रगती. पण तिथेही रिकामी चढाई मोजली जाते, वाचली जात नाही. आघाडीवर असलेला संघ घड्याळ खाण्यासाठी रिकामी चढाई करतो. दमलेल्या मुख्य चढाईपटूला श्वास घेता यावा म्हणूनही करतो. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे बचावाची साखळी हलवण्यासाठी करतो. उजवा कोपरारक्षक किती लवकर पाय टाकतो, मध्यरक्षक त्याच्याबरोबर सरकतो की मागे राहतो, हे रिकाम्या चढाईत कळते. दुसरा मुलगा ‘फिरायला’ जायचा तेव्हा हेच पाहून यायचा. मध्यंतरात तो पहिल्याच्या कानाशी लागायचा, हे मी टेबलावरून शंभरदा पाहिले होते. लिहायचे मात्र कधी सुचले नाही.

३. नोकरीपासून लिलावापर्यंत

पूर्वी मुंबईत चढाईपटूची किंमत नोकरीत व्हायची. बँका, रेल्वे, बंदर, पोलीस, तेल कंपन्या यांचे संघ होते. एखादा जुना खेळाडू त्यांच्या वतीने स्पर्धेला यायचा, खुर्ची टाकून तीन-तीन रात्री बसायचा आणि मग एखाद्या मुलाला बोलावणे जायचे. या पद्धतीचे गोडवे मी गाणार नाही. तिच्यात ओळखपाळख होती, आपला-परका होता, आणि कोणत्या मैदानावर खुर्ची टाकायची हे आधीच ठरलेले असे. एक गोष्ट मात्र तिच्यात आपोआप होती : तीन रात्री बसणाऱ्याला रिकाम्या चढायाही पाहाव्याच लागत.

२०१४मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली. पहिल्या लिलावात सर्वांत जास्त बोली राकेश कुमारवर लागली, १२ लाख ८० हजार रुपये. २०२३मध्ये दहाव्या हंगामासाठी पवन सेहरावतला तेलुगू टायटन्सने दोन कोटी साठ लाख पन्नास हजारांना घेतले. पहिल्या लिलावाच्या वीसपट! खेळाडूंना हे पैसे मिळाले याचा मला मनापासून आनंद आहे. मातीत अंग सोलून घेऊन आयुष्यभर पंच म्हणून चहा-बिस्किटांवर राबलेले लोक मी पाहिले आहेत. प्रश्न पैशाचा नाही, तो ज्या पुराव्यावर दिला जातो त्याचा आहे. पवनचीच कारकीर्द त्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. २०१७च्या पाचव्या हंगामात तो गुजरातच्या संघात होता आणि त्याच्या वाट्याला खेळणे फार कमी आले. त्या हंगामाचे आकडे पाहून कोणी त्याला निवडले नसते. पुढच्याच हंगामात बंगळूरू बुल्सने त्याला मुख्य चढाईपटू केले. त्याने चढाईचे २७१ गुण घेतले आणि ५ जानेवारी २०१९ला मुंबईत झालेल्या अंतिम सामन्यात, त्याला बाकावर बसवणाऱ्या त्याच गुजरातविरुद्ध, एकट्याने २२. एका वर्षात माणूस एवढा बदलत नाही. बदलला तो भाजक, म्हणजे त्याला मिळालेल्या चढाया.

दुसरे उदाहरण आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या सिद्धार्थ देसाईचे. २०१८च्या सहाव्या हंगामात यू मुंबाने त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतले. पदार्पणातच त्याने चढाईचे २१८ गुण मिळवले, संघ बाद फेरीत पोचला. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी एक कोटी ४५ लाख मोजले. त्याने पुन्हा २१७ गुण मिळवले, आणि संघ गुणतक्त्यात शेवटून दुसरा राहिला. दोन्ही वर्षांत त्याचा आकडा जवळजवळ तोच. यू मुंबात त्याच्या मागे फझल अत्राचलीच्या नेतृत्वाखालचा भक्कम बचाव होता. बचावाने पकड केली की बाद झालेला चढाईपटू आयता परत येतो. तेलुगू संघाने सिद्धार्थचे गुण विकत घेतले. ज्या व्यवस्थेत त्या गुणांचे विजय होत होते ती विकत मिळण्यासारखी नव्हती.

तिसरे उदाहरण दहाव्या हंगामातल्या पुणेरी पलटणचे. साखळीतल्या २२ सामन्यांपैकी १७ जिंकले, तीन बरोबरीत, दोनच हरले. १ मार्च २०२४ला हैदराबादला हरियाणाला २८-२५ असे हरवून विजेतेपद. या संघात अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे यांनी चढाया वाटून घेतल्या होत्या. अंतिम सामन्यात पंकजने एका चढाईत चार गुण घेतले आणि पारडे फिरले. सर्वाधिक चढाई-गुण मिळवणाऱ्यांत अव्वल कोणी पुण्याचा नव्हता. तरीही हंगामाचा सर्वांत मौल्यवान खेळाडू म्हणून गौरव झाला तो तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अस्लमचा. अस्लम आणि मोहित दोघेही आठव्या हंगामात नवखे म्हणून आले आणि याच संघात वाढले. त्याच दहाव्या हंगामात सर्वांत महाग चढाईपटूचा संघ शेवटून पहिला आला.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. पुण्याने बचावासाठी महंमदरझा शादलुईवर दोन कोटी ३५ लाख खर्च केलेच होते. ‘वाटून खेळणारे साधे गरीब जिंकले’ अशी गोष्ट रचायला हे उदाहरण उपयोगी नाही. त्यातून एवढेच दिसते की चढाईचे गुण एकाच्या नावावर साचलेले असणे आणि संघ चांगला असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

४. न फेकलेला चेंडू

हाच प्रश्न दुसऱ्या एका खेळात लोकांनी बराच पुढे नेला आहे, हे मला माझ्या भाच्यामुळे कळले. तो न्यू जर्सीत असतो. गेल्या दिवाळीत आला तेव्हा फराळाची ताटली मांडीवर घेऊन मला अमेरिकन फुटबॉल समजावत होता. तिथे व्यावसायिक संघ दरवर्षी कॉलेजमधून खेळाडू निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. १९३६पासून ही पद्धत चालू आहे. त्या खेळात ‘वाइड रिसीव्हर’ म्हणून एक जागा असते. त्याने कडेने धावत सुटायचे, अंगावरच्या बचावपटूला चकवायचे आणि दुरून फेकलेला चेंडू झेलायचा. असे तीन-चार जण एकाच वेळी धावतात, चेंडू एकालाच मिळतो. बाकीचे रिकामे धावतात.

“म्हणजे रिकामी चढाई,” मी म्हटले.

“एक्झॅक्टली, मामा!” तो म्हणाला आणि चकली मोडायची राहिली.

तिथेही आधी दोनच गोष्टी पाहिल्या जात : झेललेल्या चेंडूंची बेरीज आणि पायातला वेग. ड्राफ्टपूर्वी इंडियानापोलिसला मुलांची चाचणी होते. ४० यार्ड, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर, धावायला लावतात. २०१७मध्ये जॉन रॉस हा मुलगा ते अंतर ४.२२ सेकंदांत धावला. तो तेव्हाचा विक्रम होता. त्याला नवव्या क्रमांकावर निवडले गेले. त्याच वर्षी कूपर कप नावाच्या, दुय्यम श्रेणीच्या स्पर्धेत खेळणाऱ्या कॉलेजमधून आलेल्या मुलाला तेच अंतर धावायला ४.६२ सेकंद लागले आणि त्याचा क्रमांक आला एकोणसत्तरावा. दुखापतींनी ग्रासलेल्या रॉसला एका हंगामात कधी ६०० यार्डही गाठता आले नाहीत. कपने २०२१च्या हंगामात १४५ झेल घेत १,९४७ यार्ड मिळवले आणि त्याच हंगामाच्या अंतिम सामन्यात तो सर्वोत्तम खेळाडू ठरला.

अशा धड्यांनंतर तिथल्या अभ्यासकांनी दोन नवे प्रश्न विचारायला सुरुवात केली. एक : संघाच्या एकूण कमाईत या मुलाचा वाटा किती आणि तो वाटा त्याने कोणत्या वयात मिळवला? कमी चेंडू फेकणाऱ्या संघातला मुलगा नुसत्या बेरजेत मागे पडतो, वाट्यात पडत नाही. एकोणिसाव्या वर्षी मोठ्यांमध्ये मिळवलेला वाटा आणि तेविसाव्या वर्षी लहानांमध्ये मिळवलेला वाटा यांची किंमत एक नसते. दुसरा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटला : चेंडू त्याच्याकडे फेकला गेला असो वा नसो, त्या धावेत त्याने बचावपटूला चकवले होते का? त्यासाठी कोणी तरी बसून प्रत्येक धाव पाहायची आणि लिहायची. न फेकलेल्या चेंडूचीही नोंद.

हे सगळे करूनही तिथल्या निवडी चुकतात. २०२३मध्ये पुका नाकुआ १७७व्या क्रमांकापर्यंत शिल्लक राहिला आणि त्याने पदार्पणाच्या हंगामात १०५ झेलांचा विक्रम केला. भाच्याने हे खुशीत सांगितले, जणू त्या चुकीत त्याचाही वाटा होता. मला त्यातून एवढे कळले की अचूकतेची हमी कोणी देत नाही, पण कोणत्या प्रकारची चूक आपण वर्षानुवर्षे तीच ती करतो, हे शोधता येते.

५. काय लिहावे

आपल्याकडे आज तरुण मुलांची पारख बऱ्याचदा मोबाइलवरच्या तुकड्यांवर होते. मुले आपल्या चढायांची दोन-तीन मिनिटांची चित्रफीत करून पाठवतात, मागे ढोल-ताशा. तिच्यात प्रत्येक चढाई गुणाने संपते. मुलांना दोष नाही, जे मागितले जाते तेच ती दाखवतात. पण रिकामी चढाई कापून टाकलेली चित्रफीत म्हणजे फक्त टाळ्यांची वाक्ये ठेवलेली कादंबरी. अशा पुस्तकावर आपण समीक्षा लिहिणार नाही. मुलांचे भवितव्य मात्र त्यावर ठरवतो.

जिल्ह्याच्या आणि महाविद्यालयांच्या स्पर्धांत, एका वहीत आणि एका पेनाने, चार गोष्टी जास्तीच्या लिहिता येतील. पहिली, स्पर्शाचा गुण आणि बोनसचा गुण वेगळा. दुसरी, चढाईच्या वेळी समोर किती बचावपटू होते : सातांमधून काढलेला गुण आणि तिघांमधून काढलेला गुण यांची जात वेगळी. तिसरी, त्या गुणावर आपला कोण परत आला. चौथी, रिकाम्या चढाईत बचाव हलला की नाही.

पहिल्या तिन्ही निर्विवाद आहेत, कोणीही लिहिले तरी तेच येईल. अडचण चौथीत आहे. बचाव ‘हलला’ म्हणजे काय? कोपरारक्षकाने एक पाऊल टाकले तर हलला, की साखळी तुटली तर? गेल्या वर्षी मी आणि माझ्याहून अनुभवी एका गुणलेखकाने एकच सामना शेजारी बसून, एकमेकांच्या वहीत न डोकावता लिहिला. पहिले तीन रकाने तंतोतंत जुळले. चौथ्यावर आम्ही चहा निवेपर्यंत भांडलो.

म्हणून काही जण म्हणतील, हे शास्त्र नव्हे, मत झाले. आक्षेप बरोबर आहे. माझे उत्तर एवढेच की बेरीज हेही मतच असते. सगळ्या गुणांचे वजन सारखे आणि रेघेचे वजन शून्य, हे मत आहे. ते कोणी उच्चारत नाही म्हणून ते वस्तुनिष्ठ वाटते. चौथ्या रकान्यातले मत निदान लेखी असते. त्याच्याशी भांडता येते. त्या गृहस्थांना मी बेरीज दिली तेव्हा माझ्याशी भांडायला कोणालाच जागा नव्हती, त्या मुलालाही नव्हती.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. असा मुलगा शिबिरात गेला असता तरी तिथून पुढे गेला असता कशावरून? नसताही गेला. तो बुटका होता, आणि मोठ्या बचावपटूंच्या पकडीत बुटक्यांचे काय होते हे मी पाहिले आहे. पण न जाण्याची ही कारणे मॅटवर ठरायला हवी होती. ती माझ्या बेरजेत ठरली.

६. शेवटी

तो मुलगा आता तिशीत आहे. एका गोदामात हिशेबाचे काम करतो. मेट्रोने जातो-येतो, रविवारी सकाळी सेक्टरातल्या मोकळ्या जागेत लहान मुलांना कबड्डी शिकवतो. पहिला मुलगाही व्यावसायिक संघापर्यंत पोचला नाही. शिबिरानंतर वर्षभरात त्याचा गुडघा गेला. दोघांची मैत्री अजून आहे.

गेल्या फेब्रुवारीत मी वही घेऊन तिथे गेलो आणि त्याला त्या हंगामाची पाने दाखवली. कुठे तो बाद झालेल्याला परत आणत होता, तिथे मी तांबड्या पेनाने टिंबे केली होती. त्याने बराच वेळ पाने उलटली. मला वाटले, तो चिडेल किंवा निदान हसेल. तो एका पानावर थांबला आणि म्हणाला, “काका, ही रेघ चुकीची आहे. या चढाईत मी उगाच गेलो होतो, काही बघितलं नव्हतं. दमलो होतो.”

मग त्याने माझ्या हातातले पेन घेतले आणि त्या रेघेपुढे ‘उगाच’ असे लिहिले. पुढच्या रेघेपुढे ‘उजवा कोपरा’. त्याच्या पुढच्या रेघेला तो थोडा थांबला, डोळे मिटून आठवले आणि लिहिले, ‘घड्याळ’. मागे मुले ओरडत होती, सर, चढाई कोणाची? तो पेन परत देऊन उठला. पाने अजून अर्धी शिल्लक आहेत. दर रविवारी दोन-तीन होतात.